नाकाचा शेंडा

पी.टी.च्या सरांचा जन्म मैदानावर गेला, आणि एवढ्या वर्षांच्या उन्हाने शेवटी डाव साधला तो नाकावर. नाकपुडीच्या कडेला त्वचेचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी तो मुळासकट काढला, वर गालाची कातडी ओढून घेतली आणि श्वास घेताना नाकपुडी आत बसू नये म्हणून सरांच्याच कानातल्या कूर्चेचा लवचीक तुकडा तिथे बसवला.

"छान जुळलंय. आता विसरून जा," असं डॉक्टर परवा म्हणाले. पण विसरू देतंय कोण! बायको मलम लावायची ती कापसाच्या काडीने, श्वास रोखून. नात पापा घ्यायची तो लांबून, कपाळाचा. या जपण्याचा सरांना अगदी वीट आला होता. पूर्वीसारखं कोणीतरी आपल्याला बिनधास्त हात लावावा, एवढंच त्यांना हवं होतं.

म्हणून आज ते सलूनमध्ये जाऊन बसले. इथला सलूनवाला सरांच्या नाकाचा शेंडा चिमटीत धरून खुशाल वर ओढायचा आणि खालून वस्तरा फिरवायचा. आज त्याने आधी कानामागचे केस बाजूला केले.

"इथून काढलंय होय? खूणसुद्धा दिसत नाही. ऐकू येतं ना नीट?"

"बायकोचं सगळं ऐकू येतं. तेवढी सवलत काही मिळाली नाही."

दोघं हसले. गाल झाले, हनुवटी झाली. मग सलूनवाल्याने हळूच टॉवेल उचलला.

"आणि हे?" सरांनी ओठावरच्या खुंटांकडे बोट दाखवलं.

"राहू द्या, सर. मिशी शोभेल तुम्हाला."

"आयुष्यात ठेवली नाही, ती आता ठेवू?" सर तडकले. त्यांनी त्याचा हात धरला आणि स्वतःच्या नाकावर ठेवला. "पकड."

त्याने घाबरत चिमटीत धरलं, जरा दाबलं, सोडलं. नाकपुडी टुणकन जागेवर आली. त्याने पुन्हा दाबून पाहिलं, आणि त्याचा चेहराच उजळला. मग मात्र त्याने शेंडा असा करकचून वर ओढला की सरांची मान मागे गेली.

"हलू नका हो, सर! किती वेळा सांगायचं?"

सरांनी मान स्थिर धरली. त्यांचे डोळे भरून आले.

"दुखलं का?" वस्तरा थांबला.

"नाही रे," सर नाकातून म्हणाले, "सोडू नकोस."