यादीत नसलेलं मशीन

वरच्या भाडेकरूंनी नळ उघडा ठेवला आणि आमच्या खोलीचं छत दुपारभर गळलं. कपाट फुगलं, गादी भिजली आणि माझ्या शिलाई मशीनच्या मोटरमध्ये पाणी गेलं. मी लोकांचे कपडे शिवते. मशीन बंद म्हणजे हातच बांधले.

तरी घरातल्या सामानाचा विमा होता. घरमालक भिंतींचा विमा काढतो, सामानाचं आपलं आपण बघायचं, म्हणून नवऱ्याने गेल्या वर्षी तो काढला होता. सामानाची यादी मात्र मी लिहिली होती.

विमा कंपनीचा माणूस पाहणीला आला. कपाटासमोर खूण केली, गादीसमोर केली आणि मशीनपाशी थांबला.

"ताई, हे यादीत नाही."

"फॉर्मवर होतं, फक्त स्वतःच्या वस्तू लिहा," मी म्हटलं. "मशीन आईचं आहे."

नवऱ्याने कपाळावर हात मारला. "पातेल्यांची झाकणंसुद्धा मोजून लिहिलीस, आणि जिच्यावर पोट भरतं ती वस्तू विसरलीस?"

"विसरले नाही. दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून लिहायला माझा हात धजावला नाही. खोटं कशाला लिहू?"

तो माणूस भला होता. "आईंच्या नावाने अर्ज करता येतो का बघू," तो म्हणाला. "त्या कुठे असतात?"

नवरा खिडकीबाहेर बघायला लागला. मी मशीनवरचं पाणी पुसत राहिले.

"सहा वर्षांपूर्वी वारली," मी म्हटलं. "पण मशीन तिचंच आहे."

त्याने हळूच पेनाला टोपण लावलं.