साबुदाण्याची खळ

“वहिनी, हात लावून बघा ना,” म्हणत सुलभाने पदर माझ्या हातात दिला. “कसा कडक झालाय कलफ! साहेबांनीच शिकवलं मला.”

यांचा निरोपसमारंभ चालू होता. एकतीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढून हे त्या दिवशी रिटायर होत होते, आणि मी बायकांच्या रांगेत समोसा हातात धरून बसले होते. सुलभा यांच्या शेजारच्या टेबलावरची. नवरा गेल्यावर त्याच्या जागी लागलेली.

मी पदर चाचपला. तिचा कलफ म्हणजे आमची साबुदाण्याची खळ, इस्त्री चिकटू नये म्हणून चिमूटभर मीठ, दोन थेंब नीळ. सावलीत वाळवलेला. ही माझ्या आईची रीत, अमरावतीची. इकडे हिंदी मुलखात, बरखेड्यात, ती दुसऱ्या कोणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

“पहिल्या दिवशी मी कोणाशी बोलतच नव्हते,” सुलभा सांगत होती. “सगळे बिचारी-बिचारी करून बघत होते ना. तोंडातून एवढंच निघालं, साहेब, तुमचा शर्ट काय छान आहे! बस, त्यांनी बसवून सगळी रीत सांगितली. तेव्हापासून आमचा डबा एकत्र. तेवढ्यावर मी तगले, वहिनी, खरं सांगते.”

“रीत यांनी सांगितली?”

“हो. मी विचारलंही, वहिनी करतात का? तर म्हणाले, छे, तिला त्यातलं काही कळत नाही, मी स्वतःच करतो.”

तेवढ्यात मोठे साहेब माइकवर गेले. “भाभीजी, गोपीनाथजी जैसी कमीज़ पूरे ब्लॉक में किसी की नहीं! और सब अपने हाथ से!” टाळ्या पडल्या. हारात बसलेल्या यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चटकन छताच्या पंख्याकडे बघायला लागले. म्हणजे कळत होतं सगळं!

एकतीस वर्षं मेली मी इस्त्री फिरवली. सुती शर्ट, रोज नवा. कॉलरला सुरकुती राहिली की बोलणी खाल्ली, नाही राहिली की गप्प. मला वाटायचं, या माणसाला कपड्यातलं कळतच नाही, कशाला अपेक्षा करायची? आणि इकडे माणूस वर्षानुवर्षं कौतुक झेलत होता. त्यातला एक शब्द घरी आणला असता तर काय हात मोडले असते?

उठून सांगावं असं फार वाटलं. पण सुलभा इतक्या हसऱ्या तोंडाने बघत होती. “साडी शोभते तुम्हाला,” मी म्हटलं. शोभतच होती.

“हे काय, भाजलं?” तिने माझं मनगट धरलं.

“दूध उतू गेलं,” मी म्हटलं आणि बांगड्या पुढे ओढल्या.

घरी येताना मी विचारलं, “मला काही कळत नाही होय?”

“अगं, ऑफिसातल्या गोष्टी त्या! एवढं काय मनावर घेतेस? उद्या सकाळी सगळे चहाला येतायत, एक शर्ट करून ठेव.”

अंगातल्या शर्टावर हाराचे डाग पडले होते. बाकीचे धुतलेले शर्ट खळीची वाट बघत होते. घरात होता नव्हता तो सगळा साबुदाणा भिजत घातला.

सकाळी त्याची खिचडी केली.

“आज कसला उपास?” हे बनियनवर स्वयंपाकघरात आले. “आणि शर्ट?”

“दोरीवर आहे. तुम्ही स्वतःच करता ना?”

ओरडायला यांनी तोंड उघडलं होतं, पण दारावरची बेल वाजली. यांनी दोरीवरचा शर्ट तसाच चढवला.

आठ-दहा जण आले, सुलभाही आली. मी बशा फिरवल्या. सगळ्यांनी यांच्याकडे एकदा पाहिलं आणि नको तितक्या जोरात हवापाण्याचं बोलायला लागले. सुलभा मात्र बघत राहिली. यांच्या चुरगळलेल्या कॉलरकडे, मग माझ्या मनगटाकडे. इस्त्रीच्या टोकाचा डाग दुधाच्या डागासारखा दिसत नाही, हे तिलाही आता ठाऊक होतं.

तिने एक घास खाल्ला.

“साहेब,” ती हळूच म्हणाली, “ही खिचडी पण तुम्हीच केलीत?”

हे बशीत बघत बसले. मी थांबले, अगदी मनापासून थांबले, की आता तरी म्हणतील.

“मी केली,” शेवटी मीच म्हटलं, आणि चहा आणायला आत गेले.