गाऱ्हाण्यातलं नाव

"काका, वास येता," किशोरी म्हणाली आणि मी उठायच्या आत कॉम्प्रेसरपाशी पोचलीसुद्धा. वाल्वपाशी अमोनिया झिरपत होता. तिने पाना घेऊन नट आवळला आणि माझ्यावरच डाफरली. "तुमी बिनमास्काचे रवतास कशाक?"

"माझी फुफ्फुसां कधीच गेली गो."

मालवणातल्या या बर्फ कारखान्यात माझा जन्म गेला. होडीवाल्यांना बर्फ लागतो आणि तो पाडणारा मी, गंगाराम. दसऱ्यानंतर मी घरी बसणार होतो. किशोरी धामापूरची. आयटीआयत फ्रीज-एसीचं काम शिकून आमच्याकडे वर्षभर शिकाऊ म्हणून होती. ते वर्षही संपत आलेलं. माझी जागा तिला मिळावी, एवढंच माझ्या डोक्यात. तिच्याही. कुडाळच्या दुकानात चालून आलेलं काम तिने याच आशेवर सोडलं होतं.

मी मालकांना, म्हणजे भाईंना, सरळ विचारलं.

"पोरगी बरी आसा रे," भाई म्हणाले. "पण आता तिका सर्टिफिकेट मिळतला. शिकान झाला काय माणसाक तोंड फुटता. परवा माकाच सांगी, वाल्व बदला."

"बदलूक होयोच तो."

"बघ, तुकाय तिचो वारो लागलो!" भाई हसले. "शिकाऊ बरो. अर्धो पगार सरकार देता, आणि बोलणा नाय."

"मग मशीन काय सरकार बघतला?"

"बघूया. खंडेनवमीक देवासमोर काय ता बोलतंय."

मी खुळा, त्यावर आशा धरून बसलो. खंडेनवमीला आमच्याकडे यंत्राची पूजा होते, भाई देवाला गाऱ्हाणं घालतात आणि त्यात ज्याचं नाव येतं तो कारखान्याचा कायमचा माणूस. मागाहून बदल नाही. हे मी किशोरीला सांगितलंसुद्धा. कुठून अवदसा आठवली कोण जाणे!

त्या दिवशी तिने कॉम्प्रेसर स्वतः पुसला, गोंड्याच्या फुलांची माळ घातली. आई सुगंधा मुद्दाम धामापुराहून आली होती, सगळ्यांना वाटायला खाज्याचा पुडा घेऊन. "काका, तुमचे उपकार कसे फेडू," असं सुगंधा म्हणाली तेव्हा मला कसंसंच झालं. मी म्हटलं, आधी गाऱ्हाणं तर होऊंदे.

भाईंनी नारळ ठेवला, हात जोडले. आम्हीही मागे उभे राहिलो.

"बा देवा रामेश्वरा, आज जी काय मशीनीची पूजा केलली आसा, ती मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"ह्या गंगारामान जल्मभर बर्फ पाडल्यान, तेका म्हातारपणी सुखात ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

किशोरीने श्वास रोखून धरला होता. शेजारी उभ्या मला ते कळत होतं.

"ही पोरगी हय शिकान तयार झाली, तिका खंय तरी बरी नोकरी गावांदे म्हाराजा!"

खंय तरी. म्हणजे कुठेही, पण इथे नाही. सुगंधाला ते कळलंच नाही. तिने मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि हसून लेकीकडे पाहिलं.

"आणि आमका दरवर्साक असोच एक नवो शिकाऊ धाडीत ऱ्हव म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. सगळे ओरडले. माझ्याही तोंडून निघालं, जळो मेलं ते तोंड. किशोरीचा आवाज मात्र त्यात नव्हता. सगळ्यांचा आवाज विरल्यावर तिने कॉम्प्रेसरकडे बघत, जोडलेले हात न सोडता, हळूच म्हटलं,

"व्हय म्हाराजा."