धर्माचा खण

मी लालबागेतल्या एका अर्ध्या-अर्ध्या दुकानाचा गल्ला बोलतोय. फणसाच्या लाकडाचा आहे, वर पितळी पट्टी, आत दोन खण. एका गल्ल्याला दोन खण कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. उजवा खण आणि डावा खण एकाच धन्याचे नव्हते, म्हणून.

फणसवाडीतल्या एका सुताराने मला घडवलं. त्याच्याकडे दोन तरुण आले होते, लवू आणि धर्मा. दोघे मालवणाकडचे, एकाच गावचे, एकाच चाळीत शेजारी राहणारे. दोघांनी मिळून एक गाळा भाड्याने घेतला होता. डाव्या फळीवर लवू नारळ आणि सुंभ विकणार होता, उजव्या फळीवर धर्मा तंबाखू आणि सुपारी. दोन गल्ले घ्यायला पैसे पुरेनात. सुतार म्हणाला, "मधे फळी घालून देतो. भांडण झालं तर करवतीने कापून घ्या."

भांडण कधी झालं नाही.

लवू सावध माणूस. मला उघडायचा तो हलक्या हाताने, आणि बंद केल्यावर झाकण पुन्हा एकदा दाबून बघायचा. धर्मा मला आपटायचा. त्याच्या अंगठ्याला तंबाखू लागलेली असे, त्यामुळे माझ्या उजव्या खणाच्या कडेला एक तपकिरी डाग पडला. तो मला आवडायचा. आपल्याला कोणी हक्काने हाताळतं, असं वाटायचं.

समोर सोनूबाई बसायची. वरळीची कोळीण, सुके बोंबील आणि जवळा विकायची, आणि रस्त्याच्या त्या बाजूने या बाजूला सगळं ऐकू जाईल असं बोलायची. १८९६ सालच्या होळीला तिनेच ती गंमत काढली.

"धंदा धंदा काय करता रे," ती म्हणाली. "दहा-दहा रुपये बाजूला काढू. तिघांनी. दुकानाच्या भांडवलाला हात लावायचा नाही. त्या दहाचं वर्षभर काय ते करायचं. पुढच्या होळीला ज्याचे जास्त होतील, त्यानं बाकीच्या दोघांना पोटभर जेवू घालायचं."

"म्हणजे जिंकेल त्यालाच भुर्दंड?" लवूने विचारलं.

"मग काय हरलेल्याच्या घरी जेवणार? त्याच्याकडे असेल काय?"

धर्मा खूप हसला. दुसऱ्याच दिवशी त्याने आपल्या दहा रुपयांचे आंबे घेतले, तेही अवेळी. अर्धे नासले, तेव्हा तो दिवसभर चरफडला. मग त्याने गोणपाटं घेतली, ती उंदरांनी कुरतडली. दसऱ्यापर्यंत माझा उजवा खण इतका हलका झाला, की मला उचलताना मी डाव्या अंगाला कलायचो. लवूचे दहाचे चौदा झाले होते. सोनूबाईचे किती झाले ते ती सांगत नव्हती, नुसती पान चघळायची.

"तुझ्या हातात पैका टिकत नाही बघ," ती धर्माला म्हणायची.

"टिकवून काय लोणचं घालायचंय?" तो म्हणायचा.

त्याच दिवसांत मांडवीकडून गाठीच्या तापाची बातमी आली. आधी कोणी मनावर घेतलं नाही. मग आमच्या रस्त्यावरून तिरड्या जाऊ लागल्या, रोज, आणि पुढे तर लोकांनी मान वर करून बघणंही सोडलं. गिरण्यांत माणसं कमी पडू लागली. चाळीच्या चाळी गावाकडे निघाल्या. गिऱ्हाईक पैसे हातात द्यायचं नाही, लांबून फळीवर टाकायचं. लवू ती नाणी कडुनिंबाच्या पाण्यात बुडवून मग माझ्यात टाकायचा. तो कडू ओलावा अजून माझ्या लाकडात आहे.

पौषात धर्माची बायको मालन हट्टाला पेटली. गावाला जायचंच. धर्मा निघायच्या दिवशी दुकानात आला, मला उघडलं, आणि उजव्या खणातले डावाचे उरलेसुरले चार रुपये बघत उभा राहिला.

"घेऊन जा," लवू म्हणाला. "वाटेत लागतील."

धर्माने खण बंद केला. "घेवन गेलंय तर डाव मोडलो," तो म्हणाला. "ठेवन गेलंय तर माका परत येवचा लागात. तू खेळव ते माझ्या नावाने. होळीक येतंय."

भाऊच्या धक्क्यावरून त्यांची आगबोट सुटली. मला त्या माणसाचा हात पुन्हा लागला नाही.

पाच-सहा दिवसांनी लवू फणसवाडीत गेला होता. तिथला एक कुलपांचा व्यापारी दुकान आवरून पळायच्या बेतात होता. तो मिळेल त्या भावाला माल काढत होता. लवूने स्वतःसाठी घेतला नाही, त्याला धीर झाला नाही. पण धर्माने असला माल नक्की घेतला असता, असं त्याच्या मनात आलं. धर्माच्या चार रुपयांची त्याने पेटीभर कुलपं आणली.

गाव सोडणाऱ्या प्रत्येकाला कुलूप हवं होतं. दोन दिवसांत पेटी रिकामी झाली.

मग लवूने धर्माच्या नावाने कापूर घेतला. लोक कापराच्या पुरचुंड्या गळ्यात बांधू लागले होते, आणि स्मशानातही तो लागत होताच. कापूर संपला. मग चुना घेतला. त्या महिन्यात सगळी मुंबई भिंतींना चुना मारत होती. लवूने स्वतःच्या पैशांनी घेतलेले नारळ मात्र पडून राहिले. देवळात जायला माणसं नव्हती. मी आता उजव्या अंगाला कलू लागलो.

"हात इथं नाही, आणि हाताला यश आलं बघ," सोनूबाई म्हणाली. पण ती हसली नाही.

माघात लवू-धर्माच्याच गावचा आनंदा गिरणीवाला गावाहून परत आला. दुकानापाशी येऊन बराच वेळ सुंभाची गुंडी चाचपत राहिला.

"धर्मा गेला," तो म्हणाला. "बोटीतून उतरला तोच तापात. तीन दिवस काढले."

लवूने कधी ते विचारलं. आनंदाने तिथी सांगितली. लवू खाली बसला. कुलपं आणली त्याच्या आदल्या दिवशीची तिथी होती.

म्हणजे जे काही वाढलं, ते मेलेल्या माणसाचं वाढलं होतं.

त्यानंतर लवू माझा उजवा खण उघडेनासा झाला. दुकान बंद करताना मला फडक्यात गुंडाळायचा. आत नाणी हलतात, असं तो सोनूबाईला सांगायचा. तुम्हाला खरं सांगतो, आत काही हलत नव्हतं. पण तो खण माझ्याच अंगाचा भाग असून मला परका झाला होता, हेही खरं. कोणी येऊन झाकण आपटेल, याची मी दिवसभर वाट बघायचो, आणि कोणी आलं की दचकायचो.

एक दिवस लवू म्हणाला, "सोनूबाई, हे पैसे बुडवायचे. डाव संपला की तो सुटेल."

"कुणाला सोडवतोस? त्याला की तुला?"

लवूने उजवा खण रिकामा केला आणि सगळ्या पैशांची पुन्हा कुलपंच घेतली. आता गावाला जायला कोण उरलं होतं? जाणारे गेले होते, उरलेल्यांना दार लावायचं भान नव्हतं. माल पडून राहणार, याची त्याला खात्री होती.

तिसऱ्या दिवशी चुना मारण्याचा ठेका घेतलेल्या माणसाचा कारकून आला. बंद खोल्यांची कुलपं तोडून आत सफाई चालली होती, आणि नंतर त्या दारांना नवी कुलपं लागत होती. त्याने सगळा माल एकरकमी उचलला. लवू पैसे घेईना. कारकुनाने ते फळीवर ठेवले आणि निघून गेला.

त्या संध्याकाळी लवू चाळीत गेला आणि लगेच उलट पावली आला. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"धर्माच्या खोलीला," तो सोनूबाईला म्हणाला. "त्याच्याच पैशांचं कुलूप लागलंय."

सोनूबाई उठली, आपल्या तांब्यातलं पाणी त्याला प्यायला दिलं.

होळी आली. त्या वर्षी आमच्या रस्त्यावर कोणी लाकडं रचली नाहीत. सोनूबाई दुपारी दुकानात आली आणि मला समोर ओढून म्हणाली, "मोज."

"नको."

"डाव लावला तो मोजायचा. तोही मोजायला आला असता."

लवूने मोजले. धर्मा जिंकला होता, आम्हा कोणाला शंकाच नव्हती. सोनूबाईने उजव्या खणातला एक रुपया घेतला, आणि तासाभराने भात, बोंबलाचं कालवण आणि तीन पत्रावळी घेऊन आली. तिसरी पत्रावळ उजव्या फळीवर वाढली. लवूने आपली पत्रावळ बाजूला सारली.

"जेव," ती म्हणाली. "तो घालतोय. त्याला माघारी नको पाठवू."

लवू जेवला, पण चार घासच. तो अजून उजवीकडे बघत नव्हता.

चैत्रात मालन परत आली. कपाळ मोकळं, हातात एक बोचकं. लवूने मला उघडून तिच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं, कुलपांचं, कापराचं, चुन्याचं. तिने नाण्यांना हात लावला नाही. त्या तपकिरी डागावर मात्र बोट फिरवलं.

"ह्यात त्याचे चारच रुपये," ती म्हणाली. "ते मी घेतंय. बाकीचे स्मशानात लाकडाक् दी, भावजी. ज्यांच्याकडनं इले, त्यांच्याकडे जावंदेत." मग उजव्या फळीवर हात ठेवून म्हणाली, "आणि ती अर्धी फळी माका होयी."

"तू बसणार?"

"मग कोण बसतलो?"

ती बसली. त्या चार रुपयांचा तिने तंबाखूचा माल घेतला. दलालाने तिला वरचा थर चांगला दाखवला आणि खाली दमट पान घातलं. निम्मा माल बुरसला. मालन फळीवर ते पान पसरून बघत राहिली आणि चरफडली, अगदी धर्मा चरफडायचा तशी.

लवूने ते पाहिलं. तोटा झाला होता, साधा, जिवंत माणसाला होतो तसा. त्या दिवशी त्याने सोनूबाईकडून बोंबील मागून घेतले, जेवणाचा डबा उघडला आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला. मला फडक्यात गुंडाळणंही त्याने त्याच दिवशी सोडलं.

आता माझी बिजागरी सैल झाली आहे. पट्टीला हिरवा गंज चढतो. मालनचा अंगठाही आता तंबाखूने रंगला आहे, पण ती मला आपटत नाही, सवय नाही तिला. मी अजून कधी कधी वाट बघतो.

लालबागेत कधी आलात, तर तंबाखू खात नसलात तरी सुपारी घ्या. उजव्या फळीवरून घ्या. मालनची सकाळची भवानी लवकर होत नाही.