कोरडं फडकं

फेबियननं करंडीची सुतळी सुरीनं कापली, वरचं गोणपाट उचललं आणि लगेच तोंड फिरवलं. सोसायटीच्या गोदामात उभी असलेली माणसं पाऊलभर मागे सरली.

सेबॅस्टियन सरला नाही. माल त्याचा होता. त्यानं वाकून आत पाहिलं. विड्याची पानं म्हणावं असं आत काही उरलं नव्हतं. नुसता काळा लगदा होता आणि त्यात देठांचे धागे अडकले होते. करंडीच्या तळातून पिवळट पाणी फरशीवर गळत होतं. मेलेल्या उंदरासारख्या वासात विड्याच्या पानाचा वास अजून थोडा शिल्लक होता, आणि तोच जास्त शिसारी आणत होता.

"अकराच्या अकरा अशाच," फेबियन नाकावर रुमाल धरून म्हणाला. "दिल्लीच्या अडत्यानं दहा तिथंच उकिरड्यावर टाकल्या. ही एक मी पुरावा म्हणून मागवून घेतली."

फेबियन पानवेलवाल्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी. कॉलेज शिकलेला, इंग्रजी बोलणारा. वसईतल्या भुईगावची पानं रेल्वेनं दिल्लीला आणि तिथून सरहद्दीपलीकडे लाहोरला जात, ती सेबॅस्टियनच्या बापाच्या वेळेपासून. पण दोन्ही सरकारांचं बिनसलं आणि दोन हजार दोनच्या एक जानेवारीपासून पलीकडे जाणारी गाडी बंद झाली. गावातल्या सहा जणांचा माल दिल्लीत अडकून पडला होता.

"गाडी बंद करणाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर नेऊन ओता हे," सेबॅस्टियन म्हणाला. "भांडणं त्यांची, आणि सडायचं आम्ही."

"तेच करायचंय, काका. शनिवारी गोखिवऱ्याच्या हॉटेलातल्या हॉलमध्ये परिसंवाद आहे. शेजारच्या देशांतून पाहुणे येतायत. आपसातला व्यापार, शाश्वत विकास, असं सगळं. त्यांच्यापुढं ही करंडी ठेवू, तुम्ही दोन शब्द बोला, मग आपण निवेदन देऊ. सरहद्द बंद असली तरी नाशवंत माल अडवू नये, एवढीच मागणी. साही जणांच्या सह्या घेतो."

"माझी करंडी ठेव की," नथू मागून म्हणाला. नथूची वाडी सेबॅस्टियनच्या वाडीला लागून होती. मधे फक्त एक पाट. "माझी पानं दिल्लीत मातीमोल गेली. पिवळी पडलेली."

"पिवळ्या पानाकडं कोण बघतो, नथूदादा? सडलंय ते फक्त काकांचं."

नथू पुढं आला. त्यानं बाही वर केली आणि सरळ लगद्यात हात घालून तळाला अंथरलेल्या केळीच्या पानाचा तुकडा ओढून काढला. तो बोटांत चोळून ओल बघितली. सेबॅस्टियनकडे एकदा पाहिलं आणि बाहेर जाऊन हात मातीला पुसला.

दोघं वाडीच्या वाटेला लागले. विहिरीपाशी नथू थांबला.

"सेबास, पानी मारलं होतंस?"

"कशावर?"

"करंड्या भरताना. पानांवर."

"मारलं. सालोमी मारायची ना."

"वहिनी दादरच्या मालावर मारायची. तो सकाळी भरला की दुपारी इकला. दिल्लीच्या मालाला ती पानी लावू द्यायची नाय. पान न् पान पुसून कोरडं भरायची." नथूनं खालमानेनंच चपला पायांतून काढल्या, वाडीत कोणी चप्पल घालून शिरत नसे. "मला वाटलं, तुला ठावं असंल."

सेबॅस्टियनला ठाऊक असायला हवं होतं. तीस वर्षं तो शिडीवर चढून पानं खुडत होता आणि त्याची बायको सालोमी खाली बसून भरत होती. खुडणं पुरुषाचं, भरणं बाईचं. असंच गावात सगळ्यांकडे. ती मांडीवर फडकं घेऊन पानं पुसत बसलेली त्यानं हजारदा पाहिली होती. "पोराचं तोंड पुसल्यासारखं काय पुसतेस," असं तो वरून म्हणायचा. "पोर झालं असतं तर तेच पुसलं असतं," असं ती म्हणायची. कधी पुसते आणि कधी पाणी मारते, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

नाताळच्या आदल्या आठवड्यात ती गेली. चर्चमध्ये सातव्या दिवसाची मिस्सा झाली आणि दुसऱ्या दिवशी दिल्लीचा माल भरायचा होता. मेहुणी प्रिस्का म्हणाली, "भावोजी, मी येते भरायला." तो म्हणाला, "नको. तिचं काम मी करीन." अकरा करंड्या त्यानं एकट्यानं भरल्या. प्रत्येक थरावर पाणी शिंपडलं. भरपूर शिंपडलं. लांबचा प्रवास आहे, पानांना तहान लागेल, असं त्याला वाटलं होतं.

घरी आल्यावर त्यानं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. मग राखेनं धुतले. करंडीला त्यानं हातही लावला नव्हता. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला जुन्या लुगड्याचं मऊ फडकं लटकत होतं, देठांच्या रसानं हिरवट झालेलं. भरायच्या दिवशीही ते तिथंच होतं. त्यानंच त्यावर आपली टोपी अडकवली होती.

शनिवारी तो गोखिवऱ्याला गेला, कारण फेबियन टेम्पो घेऊन दारात उभा होता आणि टेम्पोत करंडी होती.

हॉलमध्ये मंचावर सात खुर्च्या मांडल्या होत्या. एक रिकामी होती. त्या पाहुण्याला म्हणे व्हिसा मिळाला नव्हता. बाकीचे जेवण करून आले होते. चांदीचा वर्ख लावलेले विडे तबकातून फिरत होते. सेबॅस्टियननं पान लांबूनच ओळखलं. जाड, काळपट, बाहेरून आलेलं. वसईचं नव्हतं. सुटातल्या एकानं दोनदा चावून विडा कागदी रुमालात थुंकला आणि तो लाल गोळा तसाच बशीत, खरकट्या चमच्याशेजारी ठेवला. मग उठून माइकवर गेला आणि शेतकऱ्याला केंद्रस्थानी ठेवण्याबद्दल बोलला.

करंडी दाराजवळ प्लॅस्टिकच्या स्टुलावर होती. वास येतो म्हणून हॉटेलवाल्यांनी तिच्यावर पांढरा टेबलक्लॉथ घातला होता आणि पुढं उदबत्त्यांचा जुडगा पेटवून ठेवला होता. सालोमीच्या शवपेटीपाशी मेणबत्त्या लावल्या होत्या तसा. लोक नाक दाबून तिथून जात होते आणि फोटो काढून घेत होते. सेबॅस्टियनला ही माणसं घाणेरडी वाटत होती, त्यांचं बोलणं बुळबुळीत वाटत होतं, आणि ह्या सगळ्यांत जास्त घाण स्टुलावर झाकून ठेवलेली होती. ती त्यानं स्वतःच्या हातानं केली होती.

"सीमेच्या राजकारणाचा बळी," असं म्हणून फेबियननं त्याला मंचावर बोलावलं. सेबॅस्टियन माइकपुढं उभा राहिला. पाठ केलेली दोन वाक्यं त्याला आठवेनात. खाली पाचव्या रांगेत नथू बसला होता. तो स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होता.

कोणी तरी बोलायला हवं म्हणून पाहुण्यांतली एक बाई उठली. कोलंबोची होती, पिकल्या केसांची, साध्या सुती साडीतली. ती खाली उतरून करंडीपाशी गेली, टेबलक्लॉथ बाजूला केला आणि नाकाला पदर न लावता आत पाहिलं. मग तिनं इंग्रजीत काही विचारलं.

फेबियननं मराठीत सांगितलं, "त्या विचारतायत, गाडी बंद होऊन माल एवढे दिवस थांबला. ही पानं तेवढे दिवस टिकली असती का?"

गाववाले पुढं झुकले. त्यांच्या वेली मांडवावर तशाच उभ्या होत्या, पानं जून होत होती, आणि लाहोरशिवाय एवढी पानं घेणारं गिऱ्हाईक त्यांना माहीत नव्हतं.

"टिकली असती," सेबॅस्टियन म्हणाला. "पिवळी पडली असती, पण टिकली असती. सालोमीनं भरली असती तर. मी पाणी मारलं. मला ठाऊक नव्हतं."

फेबियन क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिला. मग माइककडे वळून इंग्रजीत बोलला. वाक्य लांब होतं. सेबॅस्टियनला इंग्रजी येत नव्हतं, पण त्यातला 'ट्रेन' शब्द दोनदा कळला. 'बॉर्डर' कळला. तो कान देऊन ऐकत होता. सालोमीचं नाव त्यात कुठंच आलं नाही.

टाळ्या वाजल्या. कोलंबोची बाई तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती सेबॅस्टियनच्या तोंडाकडे बघत उभी होती. तिच्या हातात करंडीतला केळीच्या पानाचा ओला तुकडा होता.

"काका, तुम्ही काय करायला निघाला होतात?" खाली उतरल्यावर फेबियन दबक्या आवाजात म्हणाला. "आपली मागणी खोटी आहे का?"

"नाही."

"मग?"

हॉटेलच्या माणसांनी करंडी मागच्या गटारात ओतून टाकली होती. रिकामी करंडी उचलून सेबॅस्टियन चालत हायवेला लागला. थोड्या वेळानं मागून नथू आला आणि त्यानं करंडीचा दुसरा कान धरला.

"वहिनी असती तर तुला शिव्या घातल्या असत्या," नथू म्हणाला.

"घातल्या असत्या."

"आधी पान्याबद्दल. मग फेबियनला बोलू दिलंस म्हणून."

आता मार्च संपत आला आहे. माल फक्त दादरला जातो. प्रिस्का मदतीला येऊ का विचारते, तो नको म्हणतो. ओट्यावर मांडीवर फडकं घेऊन बसतो आणि पान न् पान पुसतो. दादरच्या मालाला पुसायचं नसतं, पाणी मारायचं असतं, हे नथूनं पाटापलीकडून दोनदा सांगून झालं आहे.

फेबियन दर रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या आवारात कागद घेऊन उभा असतो. 'गाडी बंद झाल्यामुळे आमचा माल सडला,' असं त्यात लिहिलं आहे. सेबॅस्टियन म्हणतो, 'आमचा' खोड, 'माझा' लिही, आणि का सडला तेही लिही; मग मागणी लिही. फेबियन म्हणतो, असं निवेदन कोणी वाचत नसतं.

निवेदन अजून गेलेलं नाही. पाच सह्या झाल्या आहेत. सहावी व्हायची आहे.