साठ किलो घरगुती सामान

“पोरीला गाडीत झोपवायची सवय लावू नकोस, मग ती घराची राहायची नाही, गाडीची होईल,” असं सासूबाईंनी मला ती दोन महिन्यांची असतानाच बजावलं होतं. मी हसले होते. “आई, तसं काही नसतं, मी वाचलंय,” असंही म्हणाले होते. मी तेव्हा फार वाचत असे. बाळाच्या झोपेवर मी तीन पुस्तकं वाचली होती, आणि ती लिहिणाऱ्या तिघांचीही मुलं बहुधा जन्मतःच पेंगुळलेली होती.

मुलगी सात महिन्यांची झाली तेव्हा परिस्थिती अशी होती की गाडी पळत असली की ती गाईहून गरीब. वेग वीसच्या खाली आला की तिचा एक डोळा उघडे. दहाच्या खाली आला की दुसरा. आणि गाडी थांबली की असा सूर लागे की सिग्नलला शेजारच्या गाड्यांच्या काचा आपोआप वर जात. कागदोपत्री तिचं नाव फार सुंदर आहे, पण घरात सगळे तिला भोपू म्हणतात.

नवरा मालवाहू जहाजावर इंजिनात काम करतो. मला आठवा लागला तेव्हा तो गेला, त्यामुळे भोपूला त्यानं पाहिलं होतं ते फक्त फोनवर. आणि फोनवर त्याचा चेहरा दिसला की ती हमखास रडायची. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. मग एकदा तो म्हणाला, “तिला मी आवडत नाही वाटतं,” आणि दुसऱ्या दिवसापासून फोन छताकडे वळवून बोलू लागला. दीड महिना आम्ही दोघी जहाजाच्या छताशी गप्पा मारत होतो. छताला गंज चढलाय, हे मला त्याच्याआधी कळलं.

तेवढ्यात त्याचा निरोप आला. गुरुवारी जहाज नदीपलीकडच्या बंदरात माल भरायला लागणार, संध्याकाळच्या भरतीला निघणार. त्याला मुख्य फाटकाबाहेर उभं राहायची परवानगी एक ते दोन. त्यानंतर पुन्हा पाच महिने पाणीच पाणी. शेवटी त्यानं लिहिलं होतं, “रडली तरी चालेल. एकदा हातात दे.”

आमच्या घरापासून बंदर अडीच तासांवर. मी पाच तास धरले. रात्रीच सामान भरलं: दुपटी बारा, बाबागाडी, बाळाचा टब, उकळलेल्या पाण्याचे दोन थर्मास, तापाचं औषध, तापमापक, पहिला बिघडला तर दुसरा तापमापक, छत्री, आणि बाळाची खुर्ची, जी पुढच्या महिन्यापर्यंत तिच्या उपयोगाची नव्हती.

“आपण भेटायला चाललोय की तिकडेच राहायला?” सासूबाईंनी विचारलं.

“असू दे हो आई. ऐन वेळी लागलं म्हणजे?”

“टब? रस्त्यात?”

मी टब आणखी आत रेटला. त्या मागे भोपूजवळ बसल्या आणि आम्ही निघालो.

महामार्गावर सगळं लोण्यासारखं चाललं होतं. साठचा वेग, भोपू ढाराढूर. ट्रक आम्हाला मागे टाकून जात होते, सायकलवाले तेवढे बाकी होते. सासूबाई दर दहा मिनिटांनी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघत होत्या, कारण मी दर दहा मिनिटांनी त्यांना बघायला सांगत होते.

मग पूल आला. नदी तिथं समुद्राला मिळते, म्हणून पूल एवढा लांब की पलीकडचं टोक दिसत नाही, दिसतात त्या नुसत्या क्रेनांच्या माना. आणि त्या पुलावर गाड्यांची रांग, मुंगीच्या पावलानं. वेग वीस. पंधरा.

“एक डोळा उघडला,” मागून वर्दी आली.

आमच्या डावीकडे आणखी एक रांग होती, ट्रकांची, आणि ती मस्त सरकत होती.

“अगं, ती मोठ्या गाड्यांची रांग आहे.”

“हलतेय ना पण!”

“हलतेय, पण कुठं चाललीय?”

“दुसरा डोळा?”

“उघडतोय.”

मी डावीकडे घेतलं. कॉलेजात मला तर्कशास्त्रात पहिला वर्ग होता, हे इथं मुद्दाम सांगते. रस्ता कुठं जातो हे न बघता तो हलतोय एवढंच बघून त्यात शिरणारी बाई त्या पुलावर आजवर आली नसावी. लगेच दोन्ही रांगांच्या मधे सिमेंटचा कठडा सुरू झाला, आणि आम्ही दोन अजस्र कंटेनरांच्या मधे, पाटा-वरवंट्यामधल्या शेंगदाण्यासारख्या, थेट बंदराच्या पोटात चाललो.

पूल उतरताच रांग एका लोखंडी पट्टीवरून गेली. वर पाटीवर लाल आकडे उजळले: ११६०. पुढं तशीच दुसरी पट्टी, तिच्यापुढं आडवा दांडा, आणि दोन्ही पट्ट्यांच्या मधे माल उतरवायचं गोदाम आणि एक काचेची केबिन. वजनकाटा! त्या दुसऱ्या पट्टीवर चढून मी थांबले. भोपू वाजला.

केबिनमधून एक गृहस्थ बाहेर आले. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, दोन्ही कानांवर एकेक पेन.

“माल काय?” त्यांनी सवयीनं विचारलं, आणि मग गाडीकडे पाहिलं.

“माल नाही हो! आम्ही चुकून आलो. आम्हाला मुख्य फाटकाला जायचंय. दांडा उघडा ना.”

“तो मी उघडत नाही, ताई. कॉम्प्युटर उघडतो.” ते फार शांतपणे, रडण्याच्या वरच्या पट्टीत बोलत होते. “आत येताना वजन होतं, बाहेर पडताना वजन होतं. निदान पन्नास किलोंचा फरक पडला की त्याला कळतं, माल उतरला. मग दांडा वर. तुम्ही आलात अकराशे साठ, निघालात अकराशे साठ. तो म्हणणार, माल दिला नाही, सोडू कसा?”

“पण यात बाळ आहे!”

“बाळ काट्याला दिसत नाही. काटा वीस-वीस किलोंनी मोजतो.”

“दिसत नाही म्हणजे?” माझा आवाज चढला. “सहा किलो नऊशे आहे ती! सोमवारीच मोजलंय. डॉक्टर म्हणाले, अगदी बरोबर वाढ आहे.”

“असेल ना. गोड आहे. पण काट्याला नाही दिसत.”

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मागच्या कंटेनरवाल्यानं हॉर्न दिला आणि कोण अडलंय ते बघायला खाली उतरला. पोट पुढं, खांद्यावर टॉवेल. त्यानं एकदा भोपूकडे पाहिलं.

“अरे बापरे, हा हॉर्न कुठल्या कंपनीचा?”

मी रडायच्या बेतात होते. सासूबाईंनी त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं: लेकाचं जहाज, एक ते दोन, सात महिन्यांत पोरीला हात लावलेला नाही. तो गंभीर झाला.

“मग सामान उतरवा की. पन्नास किलोच ना?”

आम्ही उतरवलं. त्यानं टब काढला, मी बाबागाडी काढली, काटेवाल्यांनी स्वतः दोन्ही थर्मास धरले. दुपटी, खुर्ची, छत्री, स्टेपनीसुद्धा. सगळं काट्याच्या कडेला मांडल्यावर तिथं पाळणाघर उघडल्यासारखं दिसू लागलं. मी पुन्हा स्टिअरिंगला बसले आणि पाटीवर आकडा बदलला: ११२०.

“चाळीस,” काटेवाले म्हणाले. “दहा कमी पडले.”

“एवढं सगळं आणलं,” सासूबाई म्हणाल्या, “आणि आणखी दहा किलो आणायला सुचलं नाही तुला.”

एक वीस. भोपू जांभळी झाली होती. ट्रकवाला टॉवेलानं मान पुसत सासूबाईंकडे बघत होता, मग त्यानं पटकन नजर वळवली, मग पुन्हा पाहिलं.

“मावशी, राग मानू नका…”

“समजलं मला,” सासूबाई म्हणाल्या. “उतरते.”

सामान पुन्हा गाडीत कोंबलं, मी स्टिअरिंगला बसले आणि सासूबाई उतरल्या. पदर खोचून त्या काट्याबाहेर उभ्या राहिल्या. सगळ्यांनी वर पाहिलं. ११००.

“साठ!” काटेवाले आनंदानं ओरडले.

“साठ?” सासूबाई म्हणाल्या. “काटा बिघडलाय तुमचा.”

“मावशी, तो वीस-वीसनं…”

“मग अलीकडच्या विसावर धरा ना. पलीकडच्या कशाला?”

दांडा वर गेला. काटेवाले धावत केबिनमध्ये गेले, कारण दांडा पुन्हा खाली यायच्या आत कॉम्प्युटरला मालाचं नाव सांगावं लागतं. त्यांनी दोन क्षण विचार केला आणि टाइप केलं: घरगुती सामान, साठ किलो, उतरवलं.

“आई, पण तुम्ही? तुम्हाला इथून चालत येता येणार नाही. तो भेटायचा कसा तुम्हाला?”

खरोखरच तिथं हेल्मेट आणि पासाशिवाय पायी दांडा ओलांडायला बंदी होती, तशी पाटीच होती. ट्रकवाला म्हणाला, माल उतरवून तासाभरात मीच आणून सोडतो. तासाभरात म्हणजे दोन वाजून गेल्यावर.

सासूबाईंनी माझी काच थोपटली. “तेहतीस वर्षं बघतेय मी त्याला, चांगला पाठ आहे. हिला घेऊन जा. आणि त्याला विचार, पाठदुखी कशी आहे. आता रडत बसू नकोस, एक भोपू पुरे आहे. नीघ!”

मी निघाले. गाडी हलताच भोपूचा सूर उतरला. वीस, तीस, एक डोळा मिटला. मुख्य फाटकासमोर एक मोठं सर्कल होतं, मधे हिरवळ, कडेला चौकीदार, आणि चौकीदाराशेजारी निळ्या बॉयलर सूटमध्ये तो. केस विंचरलेले. पाण्यानं चापून बसवले होते, इतके की मला आधी दुसराच कुणी वाटला.

दुसरा डोळा नुकताच मिटला होता. मी थांबले असते तर संपलं. मी काच खाली केली आणि त्याच्यासमोरून तशीच पुढं गेले.

“अगं!” तो ओरडला.

“थांबता येत नाही! झोपलीय! पुढच्या फेरीला मागचं दार उघड!”

पुढच्या फेरीला त्यानं पुढचं दार उघडलं, तिथं टब होता. तिसऱ्या फेरीला तो पळत पळत मागच्या दाराशी लटकला, एक बूट रस्त्यावर राहिला, आणि तो आत पडला तो थेट दुपट्यांवर. जहाजाच्या इंजिनात जन्म घालवलेला माणूस, पण चालत्या गाडीत चढणं काही त्याचं काम नव्हे.

“आई कुठंय?”

“उतरवली. काट्यावर.”

“काय?”

“नंतर सांगते. तिच्याकडे बघ.”

आरशात मला त्याचा अर्धा चेहरा दिसत होता. आम्ही गोल गोल फिरत होतो, ताशी पंचवीस, आणि तो तिच्या मुठीजवळ आपलं एक बोट नेऊन थांबला होता. हाताला तेल असेल म्हणून लावत नव्हता. नखं घासून घासून लाल केली होती त्यानं. आठव्या फेरीला चौकीदारानं शिट्टी मारली. दहाव्या फेरीला तो आमचा बूट हातात धरून उभा होता. बाराव्याला त्यानं तो खिडकीतून आत टाकला आणि सलाम केला.

“जागी झाली,” नवरा एकदम कुजबुजला. “बघतेय. आता काय करू? छताकडे बघू का?”

“तिच्याकडे बघ, वेड्या!”

ती रडली नाही. गाडी चालू होती, मग जगात तिला कशाचीच तक्रार नव्हती. तिनं त्याचं नाक धरलं, ओढलं, आणि पुढच्या सतरा फेऱ्या सोडलं नाही. “पाठदुखी बरी आहे, सांग आईला,” तो नाकातच म्हणाला, कारण नाक त्याच्या ताब्यात नव्हतं.

दोनला पाच कमी असताना त्याला उतरावंच लागलं. मी गाडी थांबवली. त्यानं तिला उचलून छातीशी धरलं, मग माझ्याकडे दिलं आणि दोन पावलं मागं सरला. आणि भोपू वाजला. असा वाजला की फाटकावरची कबुतरं उडाली.

नवऱ्याचा चेहरा उजळला. डोळ्यांतून पाणीच आलं त्याच्या.

“माझ्यासाठी रडतेय!” तो म्हणाला. “मी चाललो म्हणून! बघितलंस?”

“हो रे,” मी म्हणाले. “बघ ना.”

तो फाटकातून आत गेला तो पाच वेळा वळून बघत. रात्री त्याचा फोन आला तेव्हा पहिल्यांदा छत दिसलं नाही, नाक दिसलं.

सासूबाई अडीच वाजता कंटेनरच्या उंच केबिनमध्ये बसून आल्या, टॉवेलवाल्यानं त्यांना हात देऊन उतरवलं. तासाभरात त्यांनी काटेवाल्यांची सगळी हकीकत काढली होती. चष्मा महिनाभर तसाच आहे, बायको मुलीच्या बाळंतपणाला गेलीय, डबा एकाच प्रकारचा येतो. आणि परतताना पुलावर त्या हळूच म्हणाल्या, “त्यांचा साहेब दर सोमवारी येतो गं. काट्यावर जेवढं उतरलं तेवढं गोदामात आहे का, ते एकेक करून बघतो. साठ किलो घरगुती सामान कुठंय म्हणाला तर?”

“मग ते काय म्हणाले?”

“म्हणाले, बघू हो मावशी. सांगीन, सामान होतं, चहा पिऊन गेलं.”

त्याला तीन सोमवार झाले. त्यांचं नाव विचारायचं राहिलं. बंदराच्या नंबरावर मी चार वेळा फोन केला, तर तिकडून विचारतात, कुठला काटा? इथं सात आहेत. आणि मी सांगायच्या आत फोन ठेवतात. म्हणून हे लिहिलं. तुम्ही त्या बाजूला माल नेत असाल, किंवा तुमच्या ओळखीत कुणी नेत असेल, तर पूल उतरल्यावर लागणाऱ्या पहिल्या काट्याच्या केबिनमध्ये जरा डोकावून बघा. दोन्ही कानांवर पेन असलेला माणूस तिथंच बसतो आहे ना? असेल तर नीट जेवतो का तेवढं विचारा. आणि तिथं दुसरंच कुणी बसलेलं दिसलं, तर कृपा करून मला लगेच कळवा. मी आणि सासूबाई येऊन साहेबाला सामान दाखवू.