सुनिल्दाची झोप

झोळी म्हटली की, मित्रांनो, तुमच्या डोळ्यांपुढे भिक्षेची झोळी येते, नाहीतर बाळासाठी साडी बांधून केलेली. मी त्यातली नव्हे. मी दणकट सुताची, मोठा माणूस पाय ताणून सहज मावेल एवढी झोळी आहे, आणि आता पार म्हातारी झाले आहे. एका बाजूची झालर झडली आहे आणि पोटाला दोन ठिगळे आहेत. तरी दोर अजून शाबूत आहेत. आमच्या पराग्वेत झोळी नसलेले घर तुम्हाला शोधून सापडणार नाही.

कारापेगुआ गावातल्या एका विणकरणीने मला विणले. बाई तोंडाने फटकळ होती, पण तिच्या हाताची वीण अशी घट्ट की गिऱ्हाईक तिची बोलणी मुकाट्याने ऐकून घेत असे. सबिनाच्या नवऱ्याने मला विकत घेतले ते नव्या नवरीसाठी. पुढे जन्मभर तोच माझ्यात लोळला आणि नवरी उन्हात स्ट्रॉबेरीचे वाफे खुरपत राहिली. तो गेला तेव्हा सबिनाचे केस पांढरे झाले होते. पोटी मूल नव्हते. गावातले सगळे तिला मानाने ‘न्या सबिना’ म्हणत, आणि तळ्याकाठच्या आरेगुआ गावातल्या त्या पडवीत मी आणि ती अशा दोघीच उरलो.

मग तिने सरकारकडून बाळे सांभाळायला घेतली. ज्या बाळांना आईबापांकडे परत द्यायचे की नाही ते न्यायाधीशांचे ठरत नसे, ती बाळे ठरेपर्यंत तिच्याकडे राहत. कोणी परत आपल्या आईकडे जाई, कोणी नव्या घरी. बाळ गेले की सबिना दिवसभर रडायची, दुसऱ्या दिवशी मला साबणाने खसाखसा धुवायची आणि पुन्हा टांगायची. दवाखान्यातली नर्स म्हणे, या पडवीत आलेले पोर आठवड्यात बाळसे धरते. हे ऐकले की सबिनाइतकीच मीही मनातून फुगायचे. ती माझ्या भरभराटीची वर्षे होती.

आणि मग देर्लिस आला. पाच-सहा महिन्यांचा, मोठ्या डोळ्यांचा, सतत दाराकडे बघणारा. त्याची आई सुनिल्दा भट्टीवर चिपा करायची. चीज घातलेले हे गोल पाव आमच्याकडे सकाळी सगळ्यांना गरम लागतात, म्हणजे ते मळणारीला मध्यरात्रीच कामाला लागावे लागते. उजाडले की टोपली डोक्यावर घेऊन ती बसमध्ये चढायची आणि विकत हिंडायची. बाळाला ती खोलीत ठेवून कुलूप लावून जायची. शेजारणीने रडणे ऐकले, तक्रार केली, आणि देर्लिस आमच्याकडे आला.

मूल कोंडून जाणारी ही बाई सबिनाला न बघताच आवडेनाशी झाली होती. पहिल्या भेटीला सुनिल्दा आली ती रिकामी टोपली आणि उरलेले दोन चिपा घेऊन, खुर्चीच्या अगदी कडेला बसली. पोरगी विशीतलीही नसेल. तिने बाळाला इतके घट्ट धरले की ते रडू लागले आणि त्याने सबिनाकडे हात पसरले. सबिनाने ते बघितले आणि मग जे तोंडाशी होते ते बोलून टाकले.

“कुलूप लावताना तुझा हात धजला कसा, पोरी?”

“भट्टीत मूल आणायचं नाही म्हणून मालकिणीनं बजावलं होतं.”

“मग काम सोडायचं.”

“काम सोडलं असतं तर खोली गेली असती, न्या सबिना. मग तुम्ही विचारलं असतं, रस्त्यावर ठेवताना हात धजला कसा.”

सबिनाने रडणारे बाळ तिच्याकडून घेऊन खांद्यावर टाकले. 

बाळांचे बघणाऱ्या सरकारी कचेरीच्या नोएलिया मॅडमनी सुरुवातीलाच सांगून ठेवले होते. दर गुरुवारी आईने यायचे, बाळाला स्वतः भरवायचे, स्वतः पुसायचे, स्वतः झोपवायचे. वर्षभर हे नीट जमले तर न्यायाधीश मूल परत देतील. नाही जमले तर त्याला कायमचे दुसरे घर बघतील, आणि मग आईला ते घर कधीच कळणार नाही. सुनिल्दाने भेटीची वेळ भर दुपारची मागून घेतली. दुपारी जेवणे झाली की आमच्याकडे कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत, सगळे गाव झोपते, बसमध्ये चिपा कोण घेणार? तेवढ्याच वेळात ती मोकळी असायची.

एकही गुरुवार तिने चुकवला नाही. हळूहळू सबिना निवळली. आधी तिने सुनिल्दाला बाळ कसे धरायचे ते दाखवले, मग तिच्यापुढे तेरेरेचा पेला केला. बर्फाच्या पाण्याचे हे पेय आम्ही एकाच नळीने आळीपाळीने पितो, आणि ज्याचे तोंड बघवत नाही त्याला कोणी आपली नळी देत नाही. सुनिल्दाला ते समजले. त्या दिवशी ती प्रथमच खुर्चीला टेकून बसली आणि आपली हकिगत सांगू लागली. ती लहान असताना तिच्या आईने तिला राजधानीतल्या एका घरी देऊन टाकले होते. जेवण आणि शाळेच्या बदल्यात घरकाम, असे ठरले होते. शाळा काही दिसली नाही.

“त्या घरात दुपारी सगळे झोपायचे,” ती म्हणाली. “मी तेवढी मोरीत. दुपारी झोपतात कशी ते मला अजून माहीत नाही. म्हणून देर्लिसला मी कुणालाच देणार नाही, न्या सबिना. अर्धं जेवेन, पण देणार नाही.”

पुढच्या गुरुवारी सबिनाने दोघांना माझ्यात निजवले आणि पायाने हलकेच झोका दिला. आई आणि मूल दोघांचे मिळून जे वजन होते ते मला सगळ्यात जास्त आवडते, मित्रांनो. दोरांना ताण बरोबर बसतो. दोन झोके झाले नाहीत तोच सुनिल्दाचा डोळा लागला. हात सैल पडले, तोंड किंचित उघडे राहिले, भट्टीचा वास माझ्या सुतात उतरला. बाळ मात्र टक्क जागे होते. सबिनाने ते आईच्या छातीवरून अलगद उचलले, खांद्यावर घेतले आणि परसात हिंडवून आणले. सुनिल्दा जागी झाली तेव्हा तिची बस निघायची वेळ झाली होती. ती फार शरमली. सबिना म्हणाली, झोपलीस ते बरे केलेस, तोंडावर रंग आला बघ.

मग तसा पायंडाच पडला. दर गुरुवारी माझ्यात दोघे येत आणि थोड्या वेळाने एकाचे वजन उचलले जाई. आमच्या गावात दुपारी निजलेल्याला उठवणे म्हणजे त्याच्या ताटातला घास काढून घेण्यासारखे आहे. पाहुण्याला झोळी देतात आणि घरचे पाय न वाजवता चालतात. सबिना तेच करत होती. पण मी तिचे तोंडही बघत होते. देर्लिस तिच्या मानेत नाक खुपसायचा, ती त्याला पिकलेली स्ट्रॉबेरी कुस्करून भरवायची, आणि त्या वेळी तिला कसलीच घाई नसायची. आई झोपली आहे तोवर तो तिचा होता. हे मी सांगू नये, पण माझ्याशिवाय सांगणार कोण?

एका गुरुवारी नोएलिया मॅडम न कळवता आल्या. तशी त्यांची रीतच होती. पडवीत त्यांना काय दिसले ते तुम्ही ओळखलेच असेल. सबिनाने ओठांवर बोट ठेवले.

“हळू बोला, मॅडम. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा.”

“दर वेळी झोपते का ही?”

“झोपते की. मीच झोपवते. मध्यरात्रीपासून उभी असते बिचारी.”

“आणि बाळाचं कोण बघतं?”

“मी आहे ना,” सबिना म्हणाली, आणि हे तिने अगदी अभिमानाने सांगितले.

मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांनी बाळाच्या गालाला हात लावला, दिलेला तेरेरे प्यायल्या, आणि झोपलेलीला त्रास नको म्हणून चपला हातात घेऊन पडवी उतरल्या. त्या दुपारी तिथे सगळ्याच फार चांगल्या वागल्या. मला दोर तोडता आला असता तर मी तो तोडला असता आणि त्या पोरीला फरशीवर आपटून जागे केले असते. पण झोळीला स्वतःहून हलतासुद्धा येत नाही. सुनिल्दा उठली, बाळाचा मुका घेऊन धावत बस पकडायला गेली. ती शेवटची भेट होती हे तिला ठाऊक नव्हते.

मॅडमनी पाहिले ते कागदावर लिहिले आणि कचेरीने भेटी थांबवल्या. सबिनाला हे कळले. रविवारी चर्चला जाताना घ्यायची चांगली शाल अंगावर घेऊन ती राजधानीला गेली. दोष माझा आहे, मी तिला झोपवत होते, असे तिने सांगितले. पुन्हा एकदा जाऊन तेच सांगितले. कचेरीतल्या लोकांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिले आणि म्हणाले की तुम्ही इतके मायेने करता म्हणून तर आईची उणीव आमच्या लक्षात आली. बाळ तुमच्यापाशी शांत असते आणि आई समोर असून नसल्यासारखी. मग मलाच द्या, असेही ती म्हणून बसली. पण सांभाळणारीने मूल मागायचे नसते, आणि तिचे तर वयही उलटले होते. घरी आल्यावर तिने मला हे सगळे मोठ्याने सांगितले. दुसरे कोण होते ऐकायला?

शेवटी दूरच्या गावातले एक जोडपे आले आणि देर्लिसला घेऊन गेले. माणसे बरी होती. बाईने त्याला नवे मोजे आणले होते. तो गाडीत बसेपर्यंत सबिनाकडे बघत राहिला आणि गाडी हलल्यावर त्याने टाहो फोडला. या वेळी सबिनाने मला धुतले नाही.

त्याच आठवड्यात, गुरुवारी दुपारी, सुनिल्दा आली. कचेरीतून तिला सगळे समजले होते. टोपली नव्हती. सबिनाने माझ्याकडे हात करून तिला बस म्हटले, तर ती जमिनीवर बसली.  मग तिने शांतपणे विचारले.

“तुम्ही मला झोपवत होतात, न्या सबिना, की त्याला घेत होतात?”

सबिनाने खोटे बोलायला तोंड उघडले होते, हे मी पाहिले. पण ती खोटे बोलली नाही.

“दोन्ही, पोरी.”

सुनिल्दाने मान हलवली. तिला ते आधीच माहीत असावे. ती रडली नाही की भांडली नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर सबिनाला बरे वाटले असते.

“तो झोपतो कसा, ते त्या लोकांना सांगितलंत?”

“सांगितलं.”

“मग मलाही सांगा. मला माहीत नाही. मी नेहमी त्याच्या आधी झोपायची.”

आणि सबिना सांगू लागली. त्याला डाव्या कुशीवर ठेवायचे. माझ्या झालरीचे एक सूत त्याच्या मुठीत द्यायचे. कानामागे करंगळीने हळूहळू चोळायचे, गाणे म्हणायचे नाही, गाण्याने तो जागा होतो. नुसता नाकातून सूर धरायचा. सुनिल्दा एकेक गोष्ट कान देऊन ऐकत होती. कान डावा की उजवा, असे तिने मध्येच विचारून घेतले. संध्याकाळी तिला हे करावे लागणार असल्यासारखे ती सारे शिकून घेत होती. मग उठून निघून गेली, आणि पुन्हा कधी आली नाही.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी घडी होऊन कपाटावर पडून आहे. सबिना आता बाळे घेत नाही. म्हातारीचे तुमच्याकडे एकच मागणे आहे. दमलेली आई दिसली तर तिला जरूर अंग टेकू द्या, पण तिचे मूल तिच्या कुशीतच असू द्या. आणि तिच्याकडे बघायला कोणी दारात येऊन उभे राहिले, तर दया करून तिला आधी उठवा. ती चिडेल, डोळे चोळत तुम्हाला बोल लावील, तरी उठवा.